कंपनी काय सांगते, कागद काय सांगतात

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मुलाखतीला जाण्याआधी कंपनीची माहिती कुठून आणि कशी काढायची, याबद्दल मागच्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडून पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. बऱ्याच जणांची मुलाखत अजून व्हायची असल्याने नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंय. लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्यूसी ट्रेनी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागातला शिकाऊ) म्हणून पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. कंपनीच्या वेबसाइटवर चार पानं आणि हसऱ्या माणसांचे फोटो, एवढंच आहे. अभ्यास कशाचा करू? (चिपळूण)

उत्तर : वेबसाइट दहा मिनिटांत वाचून बाजूला ठेवा. ती गिऱ्हाइकांसाठी केलेली असते. तुम्हाला हवी ती माहिती कारखान्याने सरकारदरबारी दिलेल्या कागदांत मिळेल.

आधी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर कंपनीचं नाव घालून शोधा. कंपनीने नवा प्रकल्प किंवा मोठा विस्तार केला असेल, तर पर्यावरण मंजुरीचं पत्र सापडतं. त्यात उत्पादनांचा तक्ता असतो आणि प्रत्येकापुढे महिन्याचे किंवा वर्षाचे टन लिहिलेले असतात. सोबतच्या पर्यावरण परिणाम अहवालाची पानं बघून धसका घेऊ नका. त्याचं दुसरं प्रकरण प्रकल्पाच्या वर्णनाचं असतं, तेवढंच वाचा. कच्चा माल, अभिक्रिया, सॉल्व्हंट, सांडपाणी सगळं तिथे असतं. परिवेशवर काहीच नसेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर त्या कारखान्याचं ‘कन्सेंट टू ऑपरेट’ (कारखाना चालवायची परवानगी) बघा. त्यातही उत्पादनं आणि त्यांची कमाल मात्रा असते. जनसुनावणी झालेल्या प्रकल्पांचा सारांश मंडळाच्या साइटवर मराठीतही मिळतो, पण एमआयडीसीच्या आवारातल्या बऱ्याच प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही. तो सापडला नाही तर त्यात संध्याकाळ घालवू नका.

इथे उमेदवार हमखास फसतात ते दोन ठिकाणी. परवानगीच्या यादीत पंचवीस-तीस उत्पादनं असली, तरी एका वेळी त्यांतली चार-पाचच चालू असू शकतात. बाजार बदलला की पुन्हा मंजुरीसाठी धावायला नको, म्हणून कंपन्या यादी लांब ठेवतात. ती पाठ करून म्हणून दाखवलीत तर समोरचा हसेल. त्यापेक्षा ‘यांतली सध्या नियमित चालणारी कोणती?’ हा प्रश्न जपून ठेवा. दुसरी गडबड नावाची. एकाच घराण्याच्या दोन-तीन कंपन्या, नावात एका शब्दाचा फरक आणि कारखाने वेगवेगळ्या गावांत, हे केमिकलच्या धंद्यात सर्रास चालतं. मुलाखतीच्या पत्रावरचा प्लॉट नंबर आणि कन्सेंटवरचा प्लॉट नंबर जुळतोय का, ते पहिल्यांदा बघा.

मग दोनच उत्पादनं निवडा आणि त्यांच्या कच्च्या मालाच्या सेफ्टी डेटा शीट (रसायन सुरक्षितपणे कसं हाताळायचं ते सांगणारी पत्रकं) काढा. त्यात ठरलेले १६ विभाग असतात. दुसरा (धोके), सातवा (हाताळणी आणि साठवण) आणि आठवा (संरक्षक साधनं) नीट वाचा. क्यूसीत नेहमी लागणाऱ्या चाचण्या म्हणजे जीसी किंवा एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रांवर) शुद्धता, कार्ल फिशरने ओलावा, मेल्टिंग पॉइंट आणि टायट्रेशन. ट्रेनीला विचारतात ते बहुधा साधंच असतं: ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटर कसं बनवाल? ‘४ ग्रॅम’ हे अर्धं उत्तर झालं. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर वजन करेपर्यंत दाणे ओले दिसायला लागतात. त्यामुळे नुसत्या वजनावर भरवसा ठेवता येत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने फिनॉल्फ्थॅलीन टाकून स्टँडर्डाइज करावं लागतं, म्हणजे द्रावणाची नेमकी तीव्रता ठरवून घ्यावी लागते. हे पुढचं वाक्य तुम्ही आपणहून बोललात की मुलाखतीचा सूर बदलतो.

आगीची किंवा वायुगळतीची जुनी बातमी सापडली तर वाचून ठेवा, पण तिथे पंचनामा करायला बसू नका. ‘सेफ्टी इंडक्शन किती दिवसांचं असतं आणि लॅबच्या माणसाला प्लँटमध्ये सॅम्पल घ्यायला जावं लागतं का?’ एवढं विचारलंत तरी बरंच कळतं.

प्रश्न : बी.कॉम., टॅली येतं. कुडाळजवळच्या एका काजू प्रक्रिया कंपनीत अकाउंट्स असिस्टंटची जागा आहे. कंपनीचा माणूस सांगतो दोनशे लोक कामाला आहेत. गावात म्हणतात पगार रखडतात. शेअर बाजारातली कंपनी नाही. खरं कसं कळणार? (कुडाळ)

उत्तर : घरबसल्या बरंचसं कळतं, तेही जवळजवळ फुकटात.

सुरुवात पीएफपासून करा. ईपीएफओच्या पोर्टलवर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’ आहे, त्याला लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव घालून पुढे पेमेंटचा तपशील उघडलात की महिनावार रक्कम, ती जमा झाल्याची तारीख आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरली तो आकडा दिसतो. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. दर महिन्याला १२-१४ तारीख दिसली तर कारभार सुरळीत आहे. तीन महिन्यांचे पैसे एकदम एका दिवशी जमा झालेले दिसले, तर गावातलं बोलणं अगदीच वाऱ्यावरचं नाही असं समजा. तोंडाने दोनशे सांगतात आणि यादीत पस्तीसच दिसतात, याचा अर्थ खोटेपणाच असा मात्र नाही. काजू सोलणाऱ्या बायका बऱ्याचदा ठेकेदाराच्या नोंदीवर असतात. तुम्हाला विचारायचंय ते इतकंच: माझं नेमणूकपत्र कंपनीचं की ठेकेदाराचं?

पुढे जीएसटी. बिलावर किंवा पत्रावर १५ अक्षरांचा नंबर असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. कारखाना कुडाळला आणि नंबर फक्त ३० चा, असं असेल तर विचारायला हवं. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. डावीकडून सहावं अक्षर बघा. तिथे ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, ‘पी’ असेल तर एका माणसाच्या मालकीचा धंदा. जाहिरातीत ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरात ‘पी’, तर कुठेतरी पाणी मुरतंय. जीएसटी पोर्टलवर हाच नंबर शोधला की नोंदणीची तारीख, पत्ता आणि रिटर्न भरल्याच्या तारखा दिसतात. वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्यांना तिमाही रिटर्नची सोय आहे, त्यामुळे मधले महिने रिकामे दिसले म्हणून दचकू नका.

खरोखरच कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तिचा ‘मास्टर डेटा’ बघा. लॉगिन मागितलं तर नोंदणी फुकट होते. २१ अक्षरी सीआयएनमध्ये (कंपनीच्या नोंदणी क्रमांकात) पहिलं अक्षर ‘यू’ म्हणजे शेअर बाजारात नसलेली, ‘एल’ म्हणजे असलेली. मधे चार आकडी स्थापनेचं साल असतं. ‘चाळीस वर्षांची परंपरा’ आणि साल २०२१, असं दिसलं तर जुनी फर्म नंतर कंपनी झाली असेल, चौकशी करा. शेवटचा ताळेबंद कुठल्या मार्चचा आहे ते महत्त्वाचं. वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेर होते आणि ताळेबंद त्यानंतर ३० दिवसांत द्यायचा असतो. तीन-तीन वर्षं काही दिलंच नसेल, तर तिथे हिशोब लिहायला जाणाऱ्याने दोनदा विचार करावा, कारण ते राहिलेलं काम तुमच्याच टेबलावर येणार आहे. १०० रुपये भरून कंपनीने दाखल केलेले कागद उघडता येतात. लेखापरीक्षकाच्या अहवालात पीएफ, ईएसआय, जीएसटीची देणी सहा महिन्यांहून जास्त थकली आहेत का, हे सांगणारं कलम असतं. फार लहान कंपन्यांना ते लागू नसतं.

बँकेचं मोठं कर्ज असेल तर क्रिसिल, इक्रा, केअर किंवा इंडिया रेटिंग्ज यांच्या साइटवर नाव टाकून बघा. रेटिंगमागची कारणं दोन-चार पानांत फुकट वाचायला मिळतात. रेटिंगपुढे ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शेरा असेल, तर कंपनीने माहिती देणं थांबवलंय असा अर्थ.

राहिला कामाचा अभ्यास. काजू-बी फेब्रुवारी ते मेमध्ये येते आणि प्रक्रिया वर्षभर चालते. म्हणजे उन्हाळ्यात सगळा पैसा मालात अडकतो आणि कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठीच्या बँकेच्या कर्जाची) मर्यादा गळ्याशी येते. पगार रखडण्याचं मूळ बहुधा इथेच असतं. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न सोललेल्या काजू-बीवर रिव्हर्स चार्जने जीएसटी खरेदीदारालाच भरावा लागतो. याची टॅलीतली एन्ट्री घरी दोनदा करून जा. आणि डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याचा आकडा, एवढं माहीत असलेला अकाउंटंट स्टॉक रजिस्टर बघून गोंधळत नाही.

प्रश्न : मुलाने जहाजावरच्या नोकरीसाठी कोर्स केलाय. मुंबईच्या एका एजंटाने व्हॉट्सॲपवर मुलाखत घेतली आणि ‘जॉइनिंग’साठी अडीच लाख मागतोय. आरपीएसएल नंबरही दिलाय. भरावेत का? (दाभोळ)

उत्तर : नाही. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि परवानाधारकाला खलाशाकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचा खर्च उमेदवाराचा. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकानेच करायचा, असं आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात स्पष्ट आहे. मग अडीच लाख कशाचे?

नंबर दिलाय म्हणून विश्वास ठेवू नका. दुसऱ्या खऱ्या कंपनीचा नंबर आपल्या लेटरहेडवर छापणं हीच नेहमीची युक्ती आहे. महासंचालनालयाच्या साइटवरच्या यादीत तो नंबर शोधा आणि नाव, पत्ता, मुदत ताडून बघा. मग एजंटाने दिलेल्या मोबाइलवर न करता यादीतल्या किंवा त्या कंपनीच्या कार्यालयाच्या फोनवर विचारा: या नावाच्या मुलाची निवड तुम्ही केली आहे का?

जहाजाचं नाव सांगितलं असेल तर त्याचा सात आकडी आयएमओ नंबर मागा. जहाजाचं नाव आणि झेंडा बदलतो, हा नंबर बदलत नाही. ‘इक्वासिस’ या साइटवर मोफत नोंदणी करून तो नंबर टाकला की मालक, जहाजाचं वय आणि कुठल्या बंदरात तपासणीत अडकवून ठेवलं होतं ते दिसतं. पगार न देता खलाशांना वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांची यादी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना ठेवते, तीही सगळ्यांना बघता येते. नंबर द्यायला टाळाटाळ झाली किंवा ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे जहाज मिळेल’ असं सांगितलं, तर बोलणं तिथेच थांबवा. परक्या बंदरात अडकलेल्या मुलाला सोडवून आणायला महिने जातात.

आखातात किनाऱ्यावरची नोकरी असेल तर नियम वेगळा. तिथे एजंटाचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेलं हवं. त्याला सेवाशुल्क घेता येतं, पण ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त नाही, तेही पावती देऊन. पैसे आधीच गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा.

प्रश्न : शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतलीय. रत्नागिरीतल्या एका मासळी निर्यात कंपनीत क्वालिटी टेक्नॉलॉजिस्टची मुलाखत आहे. एचएसीसीपी (अन्नसुरक्षेची पद्धत) वाचलंय. आणखी काय? (रत्नागिरी)

उत्तर : एचएसीसीपी सगळेच वाचून येतात. ही कंपनी काय विकते आणि कुणाला, ते बघा. सुरिमीचा (माशांच्या धुतलेल्या खिम्याचा) कारखाना आणि माकूल-म्हाकूल गोठवणारा कारखाना यांत क्वालिटीचं काम सारखं नसतं. सुरिमीत जेलची ताकद आणि धुण्याच्या पाण्याचं तापमान, तर म्हाकुलात साफसफाई, ग्लेझिंग (मालावरचा बर्फाचा पातळ थर) आणि निव्वळ वजन यांवर भर असतो.

युरोपला माल पाठवायचा तर कारखान्याला मान्यता क्रमांक लागतो आणि मान्य कारखान्यांची यादी खुली आहे. त्यात नाव आहे का बघा. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) साइटवर नाकारलेल्या मालाची नोंद कंपनीच्या नावाने शोधता येते, कारणासकट: साल्मोनेला, घाण, प्रतिजैविकांचे अंश. जुनी नोंद सापडली तर मुलाखतीत तोंडावर फेकू नका. नोंद साल्मोनेलाची असेल तर पाणी, बर्फ आणि हातांच्या स्वच्छतेच्या तपासण्या पक्क्या करून जा. प्रतिजैविकांची असेल तर कंपनी शेततळ्यातली कोळंबी घेते हे उघड आहे, तेव्हा मालाचा माग ठेवण्याची पद्धत वाचून जा.

आपल्या किनाऱ्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न पावसाळ्याचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत कारखाना कोळंबीवर चालतो, साठवलेल्या मालावर, की देखभालीसाठी बंद राहतो? ‘बंदीच्या काळात क्वालिटीचं काम काय असतं?’ असं विचारा. उत्तरावरून त्या दोन महिन्यांचा पगार पूर्ण मिळतो की नाही, याचाही अंदाज येतो, आणि तुम्हाला धंदा कळतो हे त्यांनाही दिसतं.

प्रश्न : शेअर बाजारातल्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल तीनशे पानी आणि इंग्रजीत. दोन तासांत काय वाचू? (अलिबाग)

उत्तर : अध्यक्षांचं पत्र सोडून द्या. ‘मॅनेजमेंट डिस्कशन अँड ॲनालिसिस’ हा भाग वाचा. धंदा कशामुळे वाढला, कशामुळे घटला ते तिथे असतं. मग पीडीएफमध्ये ‘टर्नओव्हर रेट’ शोधा. बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा (सामाजिक जबाबदारी आणि शाश्वततेबद्दलचा) अहवाल सक्तीचा आहे, आणि त्यात दरवर्षी किती टक्के माणसं सोडून जातात त्याचे तीन वर्षांचे आकडे असतात. कायम कर्मचारी आणि कामगार यांचे वेगळे, स्त्री-पुरुषांचेही वेगळे. कामावरचे अपघात, मृत्यू आणि मीडियन (सगळे पगार क्रमाने लावले तर मधोमध येणारा) पगारही त्यातच. नोकरी शोधणाऱ्याला याहून उपयोगी पानं त्या तीनशेत नाहीत, आणि ती वाचून आलेला उमेदवार क्वचितच भेटतो.

आकडे कुठल्या कारखान्याचे आहेत त्याचं भान ठेवा. आरसीएफ या खत कंपनीचा अहवाल तुर्भे (ट्रॉम्बे) आणि थळ दोन्हींचा मिळून असतो. फिनोलेक्सचं पीव्हीसी रेझिन रत्नागिरीत होतं, पण पाइप इतर ठिकाणीही होतात. जयगडचं बंदर जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरच्या उपकंपनीकडे आहे. नेमणूक उपकंपनीत असेल तर अहवालात ‘एओसी-१’ नावाचा तक्ता शोधा. प्रत्येक उपकंपनीची उलाढाल आणि नफा एकेका ओळीत असतो. मूळ कंपनी फायद्यात आणि तुम्ही जाणार ती उपकंपनी तोट्यात, असं बिनदिक्कत असू शकतं.

वेळ उरला तर शेवटच्या तिमाहीच्या कॉन्फरन्स कॉलची लेखी प्रत शेअर बाजाराच्या साइटवरून काढा. विश्लेषक तिथे आडपडदा न ठेवता विचारतात.

प्रश्न : मालवणकडच्या एका रिसॉर्टमध्ये फ्रंट ऑफिसची नोकरी. एवढ्याशा जागेसाठी कसली माहिती काढायची? (कणकवली)

उत्तर : गूगलवरचे एक आणि दोन तारेवाले अभिप्राय, तारखेच्या क्रमाने. ‘रूम मिळायला दोन तास लागले’, ‘ॲडव्हान्स परत दिला नाही’ अशा तक्रारी उद्या तुमच्याच काउंटरवर येणार आहेत. एकच तक्रार वर्षभर फिरून येत असेल तर ‘यावर काय केलंत?’ हे नम्रपणे विचारा. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पगार पूर्ण, अर्धा की ब्रेक, ते लेखी घ्या. राहायला खोली देत असतील तर ती आधी बघा, फोटोवर जाऊ नका.

प्रश्न : मुलाखत आहे त्या कंपनीत आमच्या वाडीतला एक दादा आहे. त्याला विचारलं तर चालेल ना? (गुहागर)

उत्तर : जरूर विचारा, पण ‘कंपनी कशी आहे?’ असं नको. ‘बरी आहे’ यापलीकडे उत्तर येणार नाही. पगार कितव्या तारखेला होतो, शिफ्ट संपल्यावर बस किती वेळाने सुटते, नवीन माणसाला पहिले तीन महिने कुठे लावतात, गेल्या वर्षात त्याच्या खात्यातून किती जण सोडून गेले आणि कुठे गेले, हे विचारा. शक्य झालं तर सोडून गेलेल्यांपैकी एकाशीही बोला. मुलाखतीत मात्र दादाचं नाव घेऊ नका. तुमचं जमलं नाही तर त्याला त्रास, आणि त्याचं साहेबाशी पटत नसेल तर तुम्हाला.